सौद्याची जागा आणि समाजाची साक्ष

अमेरिकेत एखाद्या गृहस्थाला आपली जुनी बंदूक दुसऱ्या गृहस्थाला विकायची असेल, तर त्याच्यापुढे पहिला व्यावहारिक प्रश्न उभा राहतो तो किमतीचा नव्हे, जागेचा. अनोळखी माणसाला कुठे भेटायचे? घरी बोलवावे, तर घरात शस्त्रे आहेत हे परक्याला कळते. त्याच्या घरी जावे, तर तिथे कोण दबा धरून बसले आहे याची शाश्वती नाही. एकाच्या खिशात रोख रक्कम, दुसऱ्याच्या हाती शस्त्र, आणि दोघांच्याही मनात संशय, असा हा सौदा असतो. म्हणून तिथे या विषयावर सल्ल्यांची एक परंपराच तयार झाली आहे. भेट दिवसाउजेडी घ्यावी, वर्दळीच्या ठिकाणी घ्यावी, एकट्याने जाऊ नये, शस्त्र रिकामे करून पेटीत बंद ठेवावे, काडतुसे वेगळी ठेवावीत, समोरच्याचे ओळखपत्र पाहावे आणि विक्रीची पावती दोघांच्या सहीने करावी. वरवर पाहता हा सगळा शहाणपणाचाच उपदेश आहे. परंतु हा उपदेश देण्याची वेळ नागरिकांवर का येते आणि त्यात नेमकी कोणाची सुरक्षितता अभिप्रेत आहे, याचा विचार केला की एका बलाढ्य राष्ट्राच्या सामाजिक व्यवस्थेतील एक मोठी फट समोर येते.

ही फट समजून घेण्यासाठी तेथील कायद्याची रचना पाहावी लागते. १७९१ मध्ये अमेरिकन राज्यघटनेत झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याच्या हक्काला घटनात्मक स्थान दिले. हा हक्क व्यक्तीचा आहे, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला आणि २०२२ मध्ये त्याची व्याप्ती आणखी वाढवली. दुसरीकडे, १९६८ च्या शस्त्र नियंत्रण कायद्याने शस्त्रविक्रीचा धंदा करणाऱ्यांना संघराज्याचा परवाना सक्तीचा केला आणि गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तींसारख्या काही वर्गांना शस्त्र बाळगण्यास मनाई केली. ३० मार्च १९८१ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर झालेल्या गोळीबारात त्यांचे प्रसिद्धिप्रमुख जेम्स ब्रेडी जायबंदी झाले. त्यांच्या नावाने १९९३ मध्ये झालेल्या कायद्याने ग्राहकाची पूर्वचरित्र तपासणी आवश्यक ठरवली आणि ३० नोव्हेंबर १९९८ पासून त्यासाठी राष्ट्रीय यंत्रणा सुरू झाली. मात्र हे सारे बंधन परवानाधारक विक्रेत्यापुरते राहिले. जो विक्रीचा धंदा करत नाही, केवळ आपल्या संग्रहातील एखादे शस्त्र त्याच राज्यातील दुसऱ्या रहिवाशाला विकतो, त्याला संघराज्याच्या कायद्याने तपासणीची सक्ती नाही. समोरचा माणूस अपात्र आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना विकणे हा गुन्हा. पण ठाऊक करून घेणे हे कर्तव्य नाही. कायद्याने अज्ञानाला दिलेले हे अभय आहे.

ज्या देशात खासगी हातांत असलेल्या शस्त्रांची संख्या लोकसंख्येपेक्षा अधिक आहे, तिथे ही मोकळीक किरकोळ मानता येत नाही. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या जिनिव्हास्थित संस्थेने २०१७ साठी केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतील नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे दर शंभर माणसांमागे १२० हून अधिक. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत, मागील दोन वर्षांत शस्त्र मिळवलेल्यांपैकी सुमारे २२ टक्के लोकांनी ते कोणत्याही तपासणीविना मिळवल्याचे आढळले. २०२३ या एका वर्षात त्या देशात ४६ हजारांहून अधिक माणसे बंदुकीने मृत्युमुखी पडली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या.

आता जागेच्या प्रश्नाकडे वळू. गेल्या दशकापासून अमेरिकेतील अनेक पोलीस ठाण्यांनी आपल्या आवारात किंवा वाहनतळावर कॅमेऱ्यांच्या नजरेखाली ‘सुरक्षित देवाणघेवाण केंद्रे’ आखून दिली. जाहिरातीवरून ठरलेला दूरध्वनी संच, दुचाकी वा सोफा यांचा सौदा अनोळखी माणसांनी तिथे येऊन करावा आणि लूटमारीला आळा बसावा, हा त्यामागील हेतू. शस्त्राच्या बाबतीत मात्र ही सोय सरसकट उपलब्ध नाही. काही ठाणी आपल्या आवारात शस्त्रांच्या देवाणघेवाणीस स्पष्ट मनाई करतात, त्यामुळे आधी विचारल्याशिवाय तिथे बंदूक घेऊन जाणे हाच धोका ठरू शकतो. टपाल कार्यालयाच्या आवारात, अगदी वाहनतळावरही, शस्त्र आणण्यास नियमांनी बंदी असून त्यावरून न्यायालयीन वाद झालेले आहेत. शाळेपासून एक हजार फुटांच्या आत शस्त्र बाळगण्यावर संघराज्याच्या कायद्याचे निर्बंध आहेत. खासगी दुकाने व उपाहारगृहे आपल्या जागेत शस्त्रांना मज्जाव करू शकतात. राहता राहिले नेमबाजीचे मैदान आणि परवानाधारक शस्त्रविक्रेत्याचे दुकान. पहिल्या ठिकाणी शस्त्राची माहिती असलेली माणसे असतात आणि शस्त्र हाताळण्याची शिस्तही असते. दुसऱ्या ठिकाणी त्याहून महत्त्वाची एक गोष्ट असते. तिचा विचार पुढे करू.

वर्दळीची, उजेडाची, कॅमेऱ्याची जागा निवडली म्हणजे सौदा सुरक्षित झाला का? याचे उत्तर विस्कॉन्सिन राज्यात २०१२ मध्ये मिळाले. २० ऑक्टोबर रोजी तेथील जर्मनटाऊन गावात एका प्रसिद्ध उपाहारगृहाच्या वाहनतळावर दोन माणसे भेटली. संकेतस्थळावरील जाहिरातीवरून त्यांची गाठ पडली होती. ५०० डॉलर रोख मोजले गेले आणि मोटारीच्या पुढच्या आसनावर एक पिस्तूल एका हातातून दुसऱ्या हातात गेले. कोणी कोणाला लुटले नाही, कोणी कोणाला फसवले नाही. सुरक्षित भेटीचे सगळे निकष जणू पाळले गेले. परंतु दोनच दिवसांपूर्वी न्यायालयाने त्या खरेदीदाराला पत्नीपासून दूर राहण्याचा मनाई हुकूम बजावला होता आणि अशा हुकुमाखालील व्यक्तीला शस्त्र बाळगण्यास कायद्याने बंदी होती. दुसऱ्या दिवशी, २१ ऑक्टोबरला, त्याने ब्रुकफिल्ड येथील सौंदर्यप्रसाधनगृहात काम करणाऱ्या पत्नीसह तीन महिलांना ठार केले, चौघींना जखमी केले आणि स्वतःवर गोळी झाडून घेतली. मृत महिलेच्या मुलीने त्या संकेतस्थळाविरुद्ध दाद मागितली. पण २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, इतरांनी दिलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळाला जबाबदार धरता येत नाही, या संघराज्याच्या कायद्यातील तरतुदीच्या आधारे तो दावा टिकू दिला नाही.

या घटनेतील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब कोणती? वाहनतळावर आलेले दोघेही तिथून सुखरूप घरी गेले, ही. ती जागा त्यांच्यासाठी सुरक्षित होती. जिच्यासाठी ती सुरक्षित नव्हती ती स्त्री तिथे हजरच नव्हती. शस्त्राचा सौदा कधीच दोघांचा नसतो. त्यात एक अनुपस्थित तिसरा पक्ष असतो: खरेदीदाराची बायको, त्याचे शेजारी, त्याच्या गावातली शाळा. सोफा विकताना हा तिसरा पक्ष नसतो, म्हणून सोफ्याच्या सौद्याचे निकष बंदुकीला लावता येत नाहीत. दोघांच्या जिवाची काळजी घेणारी जागा ‘सुरक्षित’ म्हणायची की त्या अनुपस्थिताचीही काळजी घेणारी, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला व्यावहारिक उत्तर आहे आणि ते त्याच देशात उपलब्ध आहे. तेथील राष्ट्रीय तपासणी यंत्रणा खासगी विक्रेत्याला थेट वापरता येत नाही. ती परवानाधारकांसाठीच खुली आहे. म्हणजे एखादा विक्रेता कितीही सज्जन असला, समोरच्याची चौकशी करण्याची त्याची कितीही इच्छा असली, तरी वाहनतळावर उभे राहून तो ती करू शकत नाही. मात्र तोच विक्रेता खरेदीदाराला घेऊन परवानाधारक दुकानात गेला, तर दुकानदार थोडे शुल्क घेऊन खरेदीदाराकडून विहित अर्ज भरून घेतो, तपासणी करतो आणि व्यवहाराची नोंद आपल्या दप्तरी ठेवतो. सुरक्षित जागेबाबतच्या सर्व सल्ल्यांत हा एकच सल्ला असा आहे, ज्यात विक्रेता, खरेदीदार आणि अनुपस्थित तिसरा अशा तिघांचेही हित सांभाळले जाते.

नोंदीचे महत्त्वही विक्रेत्याने स्वतःच्या हितासाठी ओळखले पाहिजे. गुन्ह्याच्या ठिकाणी बंदूक सापडली की वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मार्टिन्सबर्ग येथील राष्ट्रीय शोध केंद्र तिच्या क्रमांकावरून उत्पादक, मग दुकानदार, मग पहिला ग्राहक असा माग काढते. १९८६ च्या कायद्याने संघराज्याला मालकांची मध्यवर्ती नोंदवही ठेवण्यास मनाई केल्यामुळे हा माग कागदोकागदी काढावा लागतो. खासगी सौदा कागदाविना झाला की साखळी तिथेच तुटते आणि पोलीस दार ठोठावतात ते पहिल्या मालकाचे. टेक्सासमध्ये ३१ ऑगस्ट २०१९ रोजी मिडलँड आणि ओडेसा या शहरांत एका बंदूकधाऱ्याने सात जणांचा बळी घेतला. हाच माणूस २०१४ मध्ये दुकानातील तपासणीत अपात्र ठरला होता आणि पुढे त्याने रायफल खासगी विक्रेत्याकडून मिळवली होती. विनापरवाना शस्त्रविक्रीचा धंदा केल्याबद्दल त्या विक्रेत्याला २०२१ मध्ये दोन वर्षांची कैद झाली. दुकानात बंद झालेले दार घराच्या अंगणात उघडे होते, एवढाच याचा अर्थ.

या तपासणीला विरोध करणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ग्रामीण अमेरिकेत बंदूक हे शेतकऱ्याचे अवजार आहे, बापाकडून मुलाकडे येणारा वारसा आहे. पोलीस तासाभराच्या अंतरावर असताना स्वसंरक्षणाचा हक्क हा तिथे तात्त्विक विषय राहत नाही. प्रामाणिक मालकांना कागदपत्रांत गुंतवून ठेवायचे आणि गुन्हेगार मात्र चोरीची शस्त्रे वापरत राहणार, हा त्यांचा आक्षेप निराधार नाही. तपासणीही निर्दोष नसते. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांचा बळी घेणाऱ्याला शस्त्र दुकानातूनच मिळाले होते आणि तपासणीत चूक झाल्याची कबुली केंद्रीय तपास संस्थेने दिली होती. खासगी विक्रेते सरसकट बेजबाबदार असतात, हाही अपप्रचारच आहे. अमेरिकी संसदेच्या लेखा कार्यालयाच्या तपासनीसांनी खासगी जाहिरातींवरून शस्त्र मिळवण्याचे ७२ प्रयत्न केले आणि त्यांतील एकही सफल झाला नाही, असे २०१७ च्या अहवालात नमूद आहे. ‘आपण अपात्र आहोत’ असे तपासनीसाने सांगताच अनेक विक्रेत्यांनी नकार दिला.

परंतु या अहवालातच उत्तराचे बीज आहे. त्या विक्रेत्यांनी नकार दिला, कारण त्यांना सांगितले गेले. विस्कॉन्सिनच्या वाहनतळावर ते सांगितले गेले नव्हते. खोटे बोलणाऱ्यापुढे सज्जनाची सज्जनता हतबल असते. म्हणूनच ही तपासणी विक्रेत्याविरुद्धचा अविश्वास नसून त्याच्या सज्जनतेला दिलेले बळ आहे. कॅलिफोर्नियात खासगी सौदेही सामान्यतः परवानाधारक विक्रेत्यामार्फतच करावे लागतात आणि शस्त्र हाती येण्यासाठी दहा दिवस थांबावे लागते. कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत २० एप्रिल १९९९ रोजी दोन विद्यार्थ्यांनी बारा सहाध्यायी आणि एका शिक्षकाचे प्राण घेतले. त्यांच्या बंदुकांपैकी तीन एका मैत्रिणीने शस्त्रप्रदर्शनातून खासगी विक्रेत्यांकडून घेतल्या होत्या. त्या राज्याच्या मतदारांनी वर्षभरानंतर, २००० मध्ये, मतदानाने प्रदर्शनांतील ही पळवाट बुजवली आणि २०१३ मध्ये तेथील विधिमंडळाने सर्वच खासगी विक्रीला तपासणी लागू केली. वॉशिंग्टन राज्याच्या मतदारांनी २०१४ मध्ये तोच मार्ग धरला. राष्ट्रीय पातळीवर मात्र, डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत वीस बालके आणि सहा प्रौढ मारले गेल्यानंतर मांडलेला द्विपक्षीय प्रस्तावही एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ असा अडकला. कारण तिथे ६० मते हवी होती. २०२२ च्या कायद्याने ‘धंदा करणारा’ कोण याची व्याख्या रुंदावली, पण अधूनमधून होणारा खासगी सौदा अनेक राज्यांत अजूनही साक्षीविनाच होतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या किंवा नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांनी यातील एक बाब विशेष ध्यानात ठेवावी. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी नागरिकाला, शिकारीचा वैध परवाना यांसारखे काही मोजके अपवाद सोडले, तर शस्त्र बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. ग्रीन कार्डधारकाची गोष्ट वेगळी. घरफोडीच्या भीतीने एखादा तरुण अभियंता ओळखीच्या माणसाकडून वाहनतळावर पिस्तूल घेऊ लागला, तर जागा कितीही उजेडाची असली तरी तो गुन्हाच ठरतो. जाणूनबुजून देणाराही त्यात सापडतो. २०२२ नंतर या अपराधाची कमाल शिक्षा पंधरा वर्षे आहे आणि शस्त्रविषयक गुन्ह्यातील शिक्षा देशाबाहेर काढले जाण्यासही कारण ठरते. दुसऱ्याच्या नावावर शस्त्र विकत घेऊन देणे, हाही स्वतंत्र गुन्हा आहे. मुलगा परदेशी आहे म्हणून अभिमान बाळगणाऱ्या आईवडिलांनी त्याला एवढी माहिती द्यायला हरकत नाही.

आपल्याकडे काय स्थिती आहे? १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या राजवटीत आलेल्या शस्त्र कायद्याने हिंदुस्थानी माणसाला निःशस्त्र केले आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. तो कायदा समाजाच्या सुरक्षेसाठी नव्हता, राज्यकर्त्यांच्या भीतीपोटी होता. स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये स्वतःचा शस्त्र कायदा केला आणि खासगी विक्रीच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पाचव्या कलमातच देऊन ठेवले. परवानाधारकाला आपले शस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकता येते. पण तत्पूर्वी खरेदीदाराच्या नावापत्त्यासह जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर ४५ दिवस उलटावे लागतात. म्हणजे भारतीय कायद्याने सौद्याची जागा वाहनतळावरून उचलून ठाण्याच्या दप्तरात नेली. संतापाच्या भरात शस्त्र शोधणाऱ्याला शांत होण्यास दीड महिना मिळतो, हाही या मुदतीचा अप्रत्यक्ष लाभ.

तरीही आत्मसंतुष्ट होण्यासारखे काही नाही. वर उल्लेखिलेल्या संस्थेच्याच अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सुमारे सात कोटी शस्त्रे आहेत आणि त्यांतील नोंदणीकृत शस्त्रे एक कोटीच्या आतच. या आकड्यात अंदाजाचा भाग मोठा असला, तरी बिहारमधील मुंगेर किंवा महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या सीमेवरील उमर्टी परिसरातून येणाऱ्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या आपण वाचतच असतो. त्या कट्ट्याच्या सौद्यालाही ‘सुरक्षित जागा’ लागतेच: महामार्गावरचा ढाबा, बसस्थानकाचा कोपरा. तिथे ४५ दिवसांची वाट कोणी पाहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्रांबाबतच्या शिक्षा कठोर झाल्या, एका परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करणे दंडनीय ठरले. परंतु कायद्याची धार गावातल्या माणसाच्या सावधपणावर अवलंबून असते.

या सावधपणाची सुरुवात सुशिक्षित घरांतूनच व्हायला हवी. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या बंदुका अनेक घरांत आहेत. परवानाधारक आजोबा निवर्तले की बंदूक माळ्यावर तशीच पडून राहते. वारसांना वाटते, आपल्याच घरची वस्तू, त्यात काय? वस्तुतः परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. असे शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करणे हे कायद्याने बंधनकारक आहे. नंतर रीतसर परवाना मिळवून ते परत घेता येते किंवा पात्र माणसाला विकता येते. भाचा मागतो म्हणून, शेजाऱ्याला रानडुकरांचा त्रास आहे म्हणून ते परस्पर देऊन टाकणे ही माया नव्हे, अपराध आहे.

मराठेशाहीत वतनाची खरेदी-विक्री गोतसभेसमोर, साक्षीदारांच्या निशाण्यांसह होत असे. त्या काळच्या महजरांवर गावच्या पाटलापासून बलुतेदारांपर्यंत अनेकांच्या खुणा आढळतात; सुताराचा वाकस, नांगर, कट्यार अशा. ज्या व्यवहाराचे परिणाम साऱ्या गावाला भोगायचे आहेत, त्याला साऱ्या गावाची साक्ष हवी, ही त्यामागील दृष्टी होती. जमिनीच्या तुकड्याला जी साक्ष आवश्यक वाटली, ती शस्त्राला नको कशी म्हणता येईल? खंडेनवमीला आपण शस्त्राला हळदकुंकू वाहतो, ते त्याच्या संहारशक्तीचे भान ठेवून. हे भान ज्या समाजाला असते, तो समाज शस्त्र कुठे विकावे असे विचारण्यापूर्वी कोणाच्या साक्षीने विकावे असे विचारतो. अमेरिकेतील काही राज्यांनी मोठी किंमत मोजल्यावर हा प्रश्न विचारला. आपल्या कायद्याने तो १९५९ मध्येच विचारून ठेवला आहे. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे देण्याचे काम मात्र प्रत्येक घराला स्वतःच करावे लागेल आणि त्यासाठी माळ्यावरच्या धूळ खात पडलेल्या बंदुकीपासून सुरुवात करणे सर्वांत उचित ठरेल.